जाकीटवाल्या भावाची गोष्ट

लेकीच्या शाळेत गाण्यांचं नाटक बसत होतं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या शाळकरी पोरापोरींचं. मुलगे काळ्या चामडी जाकिटांत, केसांना तेल चोपडून; मुली घेरदार स्कर्टमध्ये, उंच पोनीटेल बांधून. पालकांच्या ग्रुपवर मेसेज आला, कुणाला शिवणकाम येत असेल तर कळवा. लेकीने मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. "अम्मी, प्लीज, इट्स ओन्ली स्कर्ट्स," म्हणाली.

ओन्ली बारा स्कर्ट. रत्नागिरीला असताना शिवणक्लास केला होता, तो इथे कतारमध्ये, दुहैलच्या या फ्लॅटमध्ये असा कामाला आला. आमच्याकडे ज्याला अंब्रेला कट म्हणतात, तोच हा स्कर्ट. कमरेला घट्ट आणि गिरकी घेतली की छत्रीसारखा उघडणारा. जाकिटं रेक्झिनची करायची ठरली. हॉलमधलं जेवणाचं टेबल महिनाभर कापडाखालीच होतं. मी, नवरा आणि लेक, आम्ही तिघं जमिनीवर बसून जेवत होतो आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटत होतं.

नाटक बसवणाऱ्या बाई एके दिवशी दुपारी कपडे बघायला आल्या. बरोबर त्यांची आई होती. वय ऐंशीच्या पुढे, अमेरिकेतून लेकीकडे चार महिन्यांसाठी आलेली. माझं इंग्रजी अडखळतं म्हणून त्या मुद्दाम हळू बोलायच्या. मी त्यांना मनातल्या मनात आजी म्हणू लागले.

आजींनी एक स्कर्ट हातात घेतला, घेर पसरून बघितला. "सुरेख झालाय," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे असा एकही नव्हता. आमच्या वर्गात एकीपाशीच होता, डॉक्टरांच्या मुलीकडे."

माझी लेक वही घेऊन धावत आली. नाटकाच्या पत्रकात तिला अर्धं पान लिहायचं होतं, हे सगळं कितपत खरं आहे त्याबद्दल. त्या काळातलं जिवंत माणूस आयतंच आमच्या सोफ्यावर येऊन बसलं होतं.

"तुम्ही शाळेत खरंच नाटकातल्यासारखं टेबलावर चढून नाचायचात?" तिने विचारलं.

"टेबलावर चढले असते तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं," आजी हसल्या. "नाचायचो घरीच, स्वयंपाकघरात, रेडिओ लावून. आणि ज्यांची गाणी लावून नाचायचो ती काळी माणसं रेल्वेरुळांच्या पलीकडे राहायची. त्यांच्यातलं एकही मूल आमच्या वर्गात नव्हतं. तुमच्या नाटकात तर सगळे एकत्र नाचतात."

"आणि जाकीटवाले मुलगे?"

आजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"माझा भाऊ जाकीटवाला होता. दोन वर्षांनी मोठा. ते जाकीट त्याने कुणाचं तरी जुनं घेतलं होतं, आतलं अस्तर फाटकं. त्याला गॅरेजमधल्या ग्रीसचा वास यायचा, कारण शाळा सुटली की तो गॅरेजमध्ये काम करायचा. हेडमास्तरांनी सांगितलं, केस काप आणि जाकीट घरी ठेवून ये, नाहीतर येऊ नकोस. तो गेलाच नाही पुन्हा. टायरच्या कारखान्यात लागला."

लेक वहीत भरभर लिहीत होती.

"शाळा सुटताना तो कधीकधी फाटकाबाहेर उभा असायचा, मला घरी न्यायला. आणि मी मैत्रिणींबरोबर मान खाली घालून त्याच्यासमोरून पुढे निघून जायचे. त्याने कधी हाक मारली नाही. मागून, लांबून चालत यायचा."

बाई आपल्या आईकडे बघतच राहिल्या. मामाबद्दल त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं. तो जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

लेकीने सगळं लिहिलं. बाईंनी एक शब्दही न गाळता छापलं.

नाटकाच्या संध्याकाळी आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. दिवे मालवले, ढोल घुमला आणि दहा मुलगे माझी रेक्झिनची जाकिटं घालून उड्या मारत आले. कुणी केरळचा, कुणी लेबनानचा, एक कतारी. माझी लेक मागच्या रांगेत, गिरक्या घेत. आजी पायाने ताल धरत होत्या, ओठ हलत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्या ते पुसतही नव्हत्या. शेवटच्या गाण्याला सगळे हात धरून पुढे आले तेव्हा त्यांनी माझा हात पकडला.

टाळ्या थांबल्यावर मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणाला होतात, असं काहीच नव्हतं."

"नव्हतंच," त्या म्हणाल्या. "पण तो असा एकदा नाचला असता तर किती बरं झालं असतं."

परत येताना गाडीत लेकीने विचारलं, "अम्मी, व्हॉट वॉज युअर कॉलेज लाइक?"

मी रंगात आले. कॅन्टीनमधला वडा-उसळ, ढगळ पँट्स घालून आरशात केस बघणारी मुलं, गॅदरिंगची तयारी, मुलींची आमची टोळी, सारखं हसणं. "साउंड्स सो फन," ती म्हणाली. आणि मला एकदम ऐकू आलं की मीही नाटकच सांगतेय. गॅदरिंगला मी कधी गेलेच नव्हते. अब्बा पाठवत नसत.

मग मी तिला माझ्या मैत्रिणीचं सांगितलं. आम्ही एका बाकावर बसायचो. एकदा ती वर्गातल्या एका मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आली. कुणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद, दोन महिन्यांत लग्न. त्या दोन महिन्यांत मी तिच्याकडे गेले नाही. माझ्या अम्मीने नको म्हटलं होतं आणि मला ते ऐकणं जड गेलं नाही.

लेक माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "कॉल हर ना."

चुलत बहिणीकडून नंबर मिळवायला आठवडा गेला. शुक्रवारी सकाळी फोन लावला. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मग तोच आवाज. मी कोण ते सांगितलं.

"अगो, तू? खरंच तूच काय गो?"

तिला तीन मुलं, एक नात. नवरा चांगला निघाला, म्हणाली. मग तीच सुरू झाली, कॉलेजचे दिवस काय होते गो, किती हसायचो आपण! मी ऐकत राहिले. शेवटी धीर करून म्हटलं, "मी तेव्हा तुझ्याकडे आले नाही."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. तू शिवणक्लासला जायचीस ना, खिडकीतून बघायचे मी. तू वरती बघायची नाहीस."

माझ्या तोंडून "माफ कर" एवढंच निघालं.

"जाऊ दे गो. बघितलं असतंस तर मी रडले असते," ती म्हणाली. आणि मग, अगदी पूर्वीसारखी हसत, "पण मोटरसायकलवर वारा काय लागला होता त्या दिवशी! तेवढं मात्र कुणाला काढून घेता आलं नाही."

मग मला विचारलं, "तिकडे समुद्र आहे काय?"

"आहे. पण शांत आहे. लाटा नाहीत आपल्यासारख्या."

"मग सुट्टीत ये. पोरीला घेऊन ये. आपण दोघी तिला आपला समुद्र दाखवू."

जुलैची तिकिटं काढली आहेत.