पेन्सिलीनं लिहिलेले आकडे

“बिचाऱ्याला कुणी सांगितलं नसावं,” दुकानदार हलक्या आवाजात आपल्या बायकोला म्हणाला. “नाणी घासलीत त्यानं.”

आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, काउंटरमागे वळून, तो इंग्रजीत बोलला. मला ऐकू आलं. शैलाकाकू शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. विनायककाकांना जाऊन सतरा दिवस झाले होते. काकूंना काही विकायचं नव्हतं. “यांची नजर बरोबर होती का, एवढंच एकदा जाणकाराच्या तोंडून ऐकायचंय गं,” असं म्हणून त्यांनी मला ओहायोतल्या डब्लिन गावाहून जवळच्या कोलंबस शहरातल्या त्या नाण्यांच्या दुकानात गाडी काढायला लावली होती. काउंटरवर काकांचं निळं पुठ्ठ्याचं फोल्डर उघडं पडलं होतं. दर वर्षाच्या सेंटला एक गोल खाच, खाली छापलेलं साल, आणि सालाशेजारी काकांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा.

काका माझ्या बाबांचे कॉलेजातले मित्र. २००३ मध्ये मी शिकायला ओहायोत आले तेव्हा विमानतळावर तेच घ्यायला आले होते. मी फारशी बोलत नाही हे त्यांना पहिल्याच शनिवारी कळलं असावं, कारण त्यांनी मला काही विचारलंच नाही. गाडीत बसवलं आणि बँकेत नेलं. तिथे त्यांनी एकेक सेंटच्या नाण्यांचे वीस रोल मागितले. काउंटरवरच्या बाईंना वाटायचं, यांचं किराणा दुकान असेल, सुटे पैसे लागत असतील, आणि काकांनी तो समज कधी दूर केला नाही. घरी जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून ते कागदी रोल फोडायचे, पन्नास-पन्नास नाणी पसरायचे, आणि आम्ही दोघं जुनी, मागच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या असलेली नाणी शोधायचो. बहुतेक वेळा काहीच निघायचं नाही. मग ती सगळी नाणी दुसऱ्याच एका बँकेत जमा व्हायची. “घेतली तिथेच परत नाही टाकायची,” काका म्हणायचे, “नाहीतर पुढच्या आठवड्यात आपलंच उष्टं आपल्या ताटात.” विकत घेतलेलं एकही नाणं त्या फोल्डरात जाणार नाही, हा त्यांचा नियम होता.

एखादं सापडलं की मात्र ते भिंग माझ्या हातात द्यायचे. “नाण्यावरच्या अध्यक्षांच्या गालाचं हाड दिसतंय का बघ. आता मागे वळव. ओंबीवरच्या रेघा मोज, किती शाबूत आहेत?” झीज जितकी जास्त तितका आकडा खाली. एक म्हणजे नाणं कोणतं एवढंच ओळखू येतं, सत्तर म्हणजे टाकसाळीतून आत्ताच बाहेर पडलेलं, निर्दोष. मी आठ म्हणाले की ते बारा म्हणायचे, आणि कधी कधी पंधरा मिनिटांनी मुकाट्यानं बारा खोडून आठ लिहायचे. त्यासाठीच पेन्सिल. “मत बदलायची सोय ठेवावी माणसानं,” म्हणायचे. मला त्या टेबलावर बरं वाटायचं. दोन-दोन तास कुणी बोललं नाही तरी चालायचं.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत काका कामासाठी सिनसिनाटीला गेले होते, लक्ष्मीपूजनाला संध्याकाळपर्यंत परतणार होते. काकूंनी मला पूजेची तांब्याची भांडी घासायला दिली आणि म्हणाल्या, “चौरंगावर अकरा नाणी मांडायचीत, तेवढी बघ.” आमच्या घरी लहानपणापासून हे काम माझंच. आई चिंच भिजवून द्यायची, मी पूजेतली नाणी घासायचे, आणि लखलखीत झाली की बाबा शाबासकी द्यायचे. मला वाटलं, काकांना आनंद होईल. फोल्डरातली सगळ्यात जुनी, सगळ्यात काळपट अकरा नाणी मी काढली, आणि चिंच-मीठ लावून अंगठ्यानं एकेक घासलं. ती गुलाबी झाली... कोवळी, नवीनच कातडी आल्यासारखी.

काका आले, हातपाय धुऊन पूजेला बसले, आणि चौरंगाकडे बघत राहिले.

“कशानं घासलीस?”

“चिंचेनं.”

“मीठ पण?”

“थोडंसं.”

“हं,” ते म्हणाले. “नीट कोरडी करून ठेव. ओली राहिली तर डाग पडतात.” मग त्यांनी आचमन केलं. काकू आरतीचं तबक घेऊन येत होत्या, त्यांनी यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

घासलेल्या नाण्याला आकडाच मिळत नाही, हे मला तीन महिन्यांनी, त्यांच्याच कपाटातल्या एका पुस्तकात वाचून कळलं. गालाचं हाड कितीही शाबूत असो. शंभर वर्षांत चढलेला रंग एकदा गेला की ते नाणं परीक्षेलाच बसू शकत नाही. पुस्तक होतं तिथे ठेवलं आणि टेबलाशी येऊन बसले. काकांनी एक रोल माझ्याकडे सरकवला. मी तो फोडला. पुढच्या शनिवारी बोलेन असं ठरवलं... असे किती शनिवार गेले. पण त्या दिवसापासून आम्ही काय शोधतोय हे मला कळलं होतं. १९१९चं एक तपकिरी नाणं निघालं, तेव्हा काकांनी त्या खाचेतलं गुलाबी नाणं अलगद काढलं, नवं बसवलं, जुना आकडा खोडून नवा लिहिला. मी शिक्षण संपवून दूर पश्चिम किनाऱ्याकडे, सनीव्हेलला नोकरीला लागले तरी फोन यायचा. “मुक्ता, सतराचं सापडलं गं.” चार वर्षांत सात सापडली. चार राहिली.

गेल्या महिन्यात ते हॉस्पिटलात होते तेव्हा मी चार दिवसांची सुट्टी काढून गेले. येताना बँकेतून दोन रोल नेले होते. त्यांच्या बोटांना कागद फाडता येईना. मी फोडून दिले, नाणी चादरीवर पसरली. त्यांनी एक उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, आणि ठेवून दिलं. “तूच बघ.” मी शंभरही नाणी बघितली. त्यात एकही जुनं नव्हतं. आता सांगावं म्हणून मी “काका...” म्हटलं, तर त्यांचा डोळा लागला होता. मी नाणी गोळा करत बसले. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. पुन्हा आले ती त्यांच्या बाराव्याला.

दुकानदार आमच्याकडे वळला. तो भला माणूस होता, शब्द जपून वापरत होता. म्हणाला, बाकीचे सगळे आकडे चोख आहेत, मीही हेच दिले असते. पण ही चार... यांच्याखालीही त्यांनी आकडे लिहून ठेवलेत. म्हणजे घासलेलं नाणं त्यांना ओळखता येत नव्हतं. हौशी लोकांचं होतं असं.

काकूंना इंग्रजी नीट कळतं. त्यांनी मान खाली घातली. “यांनीच काहीतरी लावलं असेल गं,” त्या मला म्हणाल्या. “मला कुठे काय सांगायचे.”

मी फोल्डरकडे बघत होते. चार गुलाबी नाणी, आणि त्यांच्याखाली ती काळपट होती तेव्हाचे आकडे. पेन्सिलीचे. रबर दर शनिवारी त्या टेबलावरच असायचं, आणि मी समोरच बसलेली असायचे. ते आकडे खोडले असते तर मला कारण विचारावं लागलं असतं, आणि त्यांना सांगावं लागलं असतं. चार वर्षं त्यांनी स्वतःच्या अक्षरात चार चुकीचे आकडे राहू दिले होते.

दुकानदार फोल्डर मिटायला लागला. मी त्यावर हात ठेवला.

“त्यांना ओळखता येत होतं,” मी त्याला इंग्रजीत सांगितलं. मग काकूंकडे वळले. “काकू, ही नाणी मी घासलीत. त्या दिवाळीला. काकांना माहीत होतं.”