मायाप्पाच्या रिळाची जिभली

अंबादास गाजूल यांनी दुरुस्त केलेल्या वस्तूतून आवाज येत नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान आहे. भद्रावती पेठेत चाळीस वर्षं पॉवरलूमचे जॉबर, म्हणजे आजारी मागांचे डॉक्टर, म्हणून काढल्यामुळे त्यांचे कान निम्मे गेले. उरलेल्या निम्म्यांना फक्त चुकीचे आवाज ऐकू येतात. बायकोनं जेवायला मारलेली हाक ऐकू येत नाही, पण तीन घरं सोडून कुणाच्या पंख्याचं बेअरिंग गेलं की यांना आधी कळतं. माग बंद पडत गेले, तसे अंबादासअण्णा मिक्सर, शिलाई मशीन, पाळणे, जे येईल ते गप्प करू लागले.

परवा दुपारी मायाप्पा बायकोचा हात धरून आपलं मासे धरायचं रीळ न्यायला आला, तेव्हा तेही अण्णांनी गप्प करून ठेवलं होतं.

रीळ पितळी, विलायती, मायाप्पापेक्षा थोडंसंच तरुण. हिप्परग्याच्या तलावावर तो मेंढरं चारायचा, तेव्हा तिथं गळ टाकून बसणाऱ्या एका साहेबानं बदली झाल्यावर ते त्याला दिलं. पुढं मेंढरं गेली, काचबिंदूनं डोळे गेले, गळ मात्र सुटला नाही. मासा दोर ओढतो तसं रीळ करकरतं. त्या करकरीवरून मासा पळतोय की दमलाय हे मायाप्पाला कळतं. गेल्या आठवड्यात रीळ गाळात पडलं, अडकलं आणि अण्णांकडे आलं.

मायाप्पानं दोर ओढला. रीळ लोण्यासारखं फिरलं. त्यानं परत ओढला, रीळ कानाला लावलं.

"अण्णा, ह्याचा आवाज कुटं हाय?"

"काढला की," अण्णा खुशीत म्हणाले. "आत एक जिभली चक्राला घासत होती. लई करकर. फुकट काढून दिली बघा."

त्याची बायको गोजाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्येंचं डोळंच काढलं की तुमी. आता मासा काय सांगून येनार हाय व्हय, मी आलो म्हनून?"

अण्णांना हे दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते मटकन स्टुलावर बसले.

जिभली म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. ती गेली भंगाराच्या डब्यात, आणि डब्यात आठवडाभराचे स्क्रू, नट, वायसर. अण्णांनी डबा जमिनीवर पालथा केला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणून ते त्या ढिगावर फिरवू लागले. दाढीसारखे स्क्रू लोंबायला लागले. जिभली काही येईना. अण्णांच्या नाकावरून घाम टपकू लागला.

"घावंना?" मायाप्पानं विचारलं. त्याचा हात रिळावर घट्ट होता.

"पितळेची आहे ती. चुंबकाला कशी चिकटंल?" असं अण्णा स्वतःलाच म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. मग त्यांनी शेवटचा खिळासुद्धा चुंबकानं उचलून घेतला. फरशीवर एक बटण, मिक्सरची रबरी चकती आणि पितळी जिभली उरली.

पण जिभलीला चक्रावर दाबून धरणारी पट्टी काढताना मोडली होती. अण्णांनी हे आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. ते आत गेले आणि वडिलांच्या मागाची फणी घेऊन आले. तिच्या पोलादी पात्यांमधून तलमातला तलम धागा न तुटता जायचा. तिला घरात कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. त्यातलं एक पातं त्यांनी पकडीनं उपसलं, कापलं, वाकवलं. ते मोडलं. दुसरं उपसलं.

पट्टी बसली. झाकण लागलं. अण्णांनी दोर ओढला, रिळावर बोट ठेवलं. बोटाला थरथर लागत होती, कानाला काहीच नाही. ते हताश होऊन मायाप्पाकडे बघत राहिले.

मायाप्पानं दोर ओढला.

"आवाज ह्यो न्हवं. पयला घोगरा हुता."

"बायकोचा आवाज तरी कुटं पयल्यासारखा राहिलाय?" अण्णा पुटपुटले.

"गोजे, दोर धर. माशावानी जा बरं."

"ह्या वयात मासा करा मला," म्हणत ती दोर घेऊन गल्लीत निघाली. रीळ करकरू लागलं. मायाप्पा मान खाली घालून ऐकत होता.

"गटारीवरनं उडी मारली," तो म्हणाला. "आता चढावर हाय. दमली." मग करकर बंद झाली. त्यानं बोटानं दोर चाचपला. मधूनच एक टिक, पुन्हा एक टिक.

"काय झालं? अडकलं?" अण्णांनी घाबरून विचारलं.

"न्हाय. उबी हाय. हात हालवून कुनाशी तरी भांडतीया."

अण्णांनी दारातून वाकून पाहिलं. कोपऱ्यावर गोजाबाई हातातल्या दोरासकट भाजीवाल्या चंद्रव्वाच्या मेथीच्या जुडीवर तुटून पडली होती. "मेथीचा भाव चाललाय," ते म्हणाले.

"बसा, अण्णा," मायाप्पा दोर सैल सोडत म्हणाला. "मेथी म्हटल्यावर येळ लागंल."