दगडावरचे दोन शब्द

शुक्रवारी दुपारपर्यंत दगडावरचा मजकूर पाथरवटाकडे जायचा होता. बुधवारी सकाळी मी त्यातले दोन शब्द कापले.

मजकूर एका ओळीचा होता. सायलस मर्टन, कॅचर आणि मॅनेजर. कापलेले शब्द: आणि मॅनेजर.

मी न्यू जर्सीतल्या एका दैनिकाच्या संग्रहात फॅक्ट चेकर आहे. छापून येणाऱ्या प्रत्येक विधानाला आधार आहे की नाही, हे तपासणं माझं काम. त्याआधी पुण्यात बारा वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. जुन्या खेळाडूंच्या बिननावाच्या कबरींवर दगड बसवणारी एक छोटी संस्था आमच्या गावात आहे. दगडावरचा मजकूर ती आमच्याकडून तपासून घेते. छापलेली चूक दुसऱ्या दिवशी सुधारता येते, कोरलेली येत नाही.

मर्टन हे व्यावसायिक बेसबॉलच्या सुरुवातीच्या काळातले खेळाडू. कॅचर म्हणजे साधारण आपला यष्टिरक्षक. फलंदाजाच्या मागे बसायचं आणि पिचरने टाकलेला प्रत्येक चेंडू अडवायचा. तेव्हा हातमोजे नसल्यातच जमा. संग्रहातल्या एकमेव फोटोत मर्टन यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वाकडी दिसतात. कबरीवर दगड कधीच नव्हता. अर्ज त्यांची नात रूथ मर्टन यांनी केला होता. वय अठ्ठ्याऐंशी, हृदय कमकुवत. दगड आपल्या हयातीत बसावा, एवढीच त्यांची मागणी होती.

मर्टन ज्या हंगामात खेळले, त्याची सगळी वर्तमानपत्रं मी पाहिली. कॅचर या शब्दाला भरपूर आधार होता. मॅनेजर म्हणून मात्र प्रत्येक ठिकाणी प्रुइट नावाच्या एका हॉटेलमालकाचं नाव होतं. मर्टन मॅनेजर असल्याचा उल्लेख एकदाही नाही. मी संपादक लिंडाला दाखवलं.

"उलट बाजूचा एक तरी पुरावा?"

"नाही. फक्त घरातली आठवण."

"मग काप. आणि पत्र नीट लिही. त्या म्हाताऱ्या आहेत."

पत्र मी नीट लिहिलं. दुपारी रूथ यांचा फोन आला.

"माझे वडील खोटं बोलत होते, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

"नाही, मिस मर्टन. नोंद सापडत नाही, एवढंच."

"टीम आजोबाच चालवायचे. कोण कुठे उभा राहील, तेच सांगायचे. वडिलांनी हे मला शंभर वेळा सांगितलंय."

"मला लेखी काही मिळालं, तर मी नक्की बदलेन."

"लिहून ठेवणारे सगळे केव्हाच गेले," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी मी बापट काकांना घेऊन ओक ट्री रोडला भाजी आणायला निघाले होते. काका आमच्या शेजारणीचे वडील. नागपूरहून सहा महिन्यांसाठी एडिसनला आले होते. इथे गाडी चालवत नसल्यामुळे वैतागलेले. मी गप्प का आहे, असं त्यांनी विचारलं. मी थोडक्यात सांगितलं.

"तुझा हा प्रुइट करायचा काय पण?"

"मॅनेजर होता. टीम चालवायचा."

"मीही मॅनेजर होतो. जिल्ह्याच्या क्रिकेट टीमचा, तीन वर्षं. बॅगा मोजायच्या, रिझर्वेशन करायचं, कुणाचं पोट बिघडलं की डॉक्टर शोधायचा. टीम कॅप्टन चालवायचा. मला विचारतो कोण?"

"काका, बेसबॉलमध्ये तसं नसतं. इथे मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा. कोण खेळणार, कोण बसणार, सगळं तोच ठरवतो."

"आत्ता. तेव्हाही?"

सिग्नलला मी गाडी थांबवली.

"टॉसला कोण जायचं ते बघ. मॅनेजरला टॉसला पाठवत नाहीत."

"बेसबॉलमध्ये टॉस नसतो, काका."

"तेव्हाही नव्हता?" काका म्हणाले. "इथून डावीकडे घे. मेथी त्या कोपऱ्यावरच्या दुकानात बरी मिळते."

या देशात आले तेव्हा मी मॅनेजर हा शब्द काकांसारखाच समजत होते. इथल्या पहिल्या वर्षी त्यावरून दोनदा चूक केली आणि तो अर्थ पुसून टाकला. त्यानंतर कुठल्याही काळातलं पान वाचताना आजचाच अर्थ लावत आले.

शुक्रवारी सकाळी आठला मी तीच पानं पुन्हा उघडली. या वेळी मर्टन हे नाव शोधलं नाही. टॉस हा शब्द शोधला. तो होता. त्या काळी पहिली फलंदाजी कुणाची, हे नाणं उडवून ठरायचं. अकरा सामन्यांच्या वृत्तांतांत टॉसला जाणाऱ्याचा उल्लेख एकसारखाच होता. त्याचं नाव नव्हतं, फक्त कॅप्टन लिहिलं होतं. दोन वृत्तांतांत कॅप्टनने बोट मोडल्यावरही फलंदाजामागची जागा सोडली नाही, असं होतं. म्हणजे तो कॅचर होता, आणि टीमला कॅचर एकच होता, मर्टन. पिचर बदलणं, क्षेत्ररक्षण लावणं, सगळं त्याच्याच नावावर. प्रुइट यांचे उल्लेख रेल्वेचा डबा आणि खोल्या यांच्यापुरते होते.

मी रूथ यांना फोन केला.

"तुमचे वडील आजोबांबद्दल बोलताना नेमका कुठला शब्द वापरायचे?"



"कॅप्टन. कायम कॅप्टनच."

"मग अर्जात मॅनेजर का लिहिलंत?"

"कॅप्टन वाचून लोकांना वाटलं असतं, ते सैन्यात होते. म्हणून आजचा शब्द घातला."

मी पानं लिंडापुढे ठेवली.

"म्हणजे मॅनेजर कापलं, ते बरोबरच होतं," ती म्हणाली.

"तिथे थांबले, ते चुकलं."

"मग नवं पत्र लिही. आधी माफी, मग कारण."

एक वाजून चाळीस मिनिटांनी मजकूर गेला. सायलस मर्टन, कॅचर आणि कॅप्टन.

दगड सात आठवड्यांनी बसला. रूथ यांना तोवर त्या राहत होत्या त्या वृद्धांच्या नर्सिंग होममधून हलवणं शक्य राहिलं नव्हतं. पाथरवटाने अक्षरांवर कागद धरून पेन्सिलने ठसा घेतला आणि तो त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी मला फोन करून एवढंच सांगितलं, की स्पेलिंग बरोबर आहे. त्यानंतर नवव्या दिवशी त्या गेल्या.

आता कुठलाही जुना दावा नाकारण्याआधी मी घरच्यांना एक फोन करते. अर्जात काय लिहिलंय, ते विचारत नाही. घरात काय म्हणायचे, ते विचारते.