दुःखाचं इंग्रजी

इस्त्रीवाल्या मावशी पहिल्यांदा माझ्या क्लासात आल्या तेव्हा मला वाटलं, पडदे न्यायला आल्या असतील. माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास लॉन्ड्रीच्या बरोबर वर आहे. खालून वाफ येते, वरून माझा आरडाओरडा जातो, असा आमचा जुना शेजार.

"बाई, दुःखाचं इंग्रजी शिकवाल का?" त्यांनी विचारलं.

"आधी सुखाचं तरी शिका," मी म्हटलं. माझी जीभ ही अशीच, आधी धावते आणि मग ठेच लागते. मावशी हसल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा नुकताच परदेशात वारला होता, आणि ते मला माहीत होतं.

मावशींचा नवरा फार लवकर गेला. तेव्हापासून त्या इस्त्रीच्या टेबलापाशी उभ्या आहेत. हॉटेलच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, नवरदेवांचे सूट, सगळं त्यांच्या हाताखालून जातं. मनगटावर भाजल्याचा जुना डाग आहे. कोणी विचारलं की म्हणायच्या, "हा आमचा दागिना, चोरीला जायची भीती नाही." उभ्याउभ्याच त्यांनी पोराला वाढवलं, लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकवलं. तो परदेशी गेला आणि तिथलीच मुलगी करून बसला. सासू-सुनेची भेट फक्त फोनच्या पडद्यावर. सून हात हलवायची, मावशी हात हलवायच्या. "भांडायला भाषाच नाही, म्हणून आमचं झकास चाललंय," असं त्या सगळ्या गल्लीला सांगत.

मग मुलाला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि इकडे कोणाला धड कळायच्या आत सगळं संपलं. सुनेनेच फोन केला. मावशींना 'डेड' एवढा शब्द समजला आणि त्यांनी टाहो फोडला. "काय केलंस हे! कुठे घालवलंस माझ्या लेकराला!"

हे सुनेला नव्हतं. कोणाला होतं ते मावशींनाही सांगता आलं नसतं. देवाला असेल, नशिबाला असेल, त्या मेल्या तापाला असेल. आपल्यात आईचं रडणं असंच असतं, समोर जो सापडेल त्याच्या अंगावर जातं. पण सुनेला त्यातला एक शब्द कळत नव्हता. तिला कळला तो फक्त आवाज. तिने फोन ठेवला तो ठेवलाच. पुढे मुलाच्या मित्राकडून निरोप आला: आई माझ्यावर चिडल्या आहेत, त्यांचं बरोबरच आहे, मी त्यांना पुन्हा तोंड दाखवणार नाही.

"मी करते की फोन," मी म्हटलं. "दोन मिनिटांत समजावते तिला."

"पोरगा माझा, तोंड माझं, मध्ये दलाल कशाला?" मावशी म्हणाल्या. "त्या पोरीला वाटतंय मी तिला शाप दिला. तो माझ्याच तोंडून पुसला पाहिजे."

मग आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी लॉन्ड्रीत काम थोडं मंदावलं की त्या घाम पुसत वर यायच्या. मी 'सॅड'पासून सुरुवात केली. मावशी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायच्या, "हा किती तापलेला?" रेशमाला लावायची इस्त्री वेगळी, जाड सुताला वेगळी, तसं त्यांना शब्दांचं हवं होतं. 'सॅड' कोमट निघाला. 'अनहॅपी' त्यांना रुसलेल्या माणसाचा वाटला. 'डिप्रेस्ड' म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "हा डॉक्टरांचा, तो त्यांनाच ठेवू दे." 'हार्टब्रोकन'चा अर्थ सांगितला तर म्हणतात कशा, "काळीज तुटलं? हा तर आपलाच, यांनी उचललेला दिसतोय." आणि 'सॉरी'वर तर त्या उखडल्याच. "बसमध्ये पायावर पाय पडला तरी सॉरी, आणि हाताशी आलेला पोरगा गेला तरी सॉरी? काय दळभद्री कारभार आहे!"

शेवटी त्यांनी 'ग्रीफ' निवडला. म्हणाल्या, "हा छोटा आहे, रडता रडता पण म्हणता येईल."

तीन वाक्यं ठरली. मी रागावले नव्हते, ते दुःख होतं, तू माझी मुलगी आहेस. इस्त्री फिरवताना त्या ती घोकायच्या. लॉन्ड्रीचा मालक मला जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, आमच्याकडचे कोट आता इंग्रजी बोलायला लागतील."

फोन माझ्या टेबलावरूनच लावला. स्पीकर चालू केला आणि मी गप्प बसायचं कबूल केलं, जे मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

"आय वॉज नॉट अँग्री," मावशी म्हणाल्या. आवाज थरथरला, पण वाक्य मोडलं नाही. "इट वॉज ग्रीफ. यू आर माय डॉटर."

पलीकडे सून रडायला लागली आणि मला हायसं वाटलं. जमलं होतं! मी मावशींच्या पाठीवर थाप मारणार, तेवढ्यात ती पोर बोलू लागली. मावशींना कळावं म्हणून शब्द सुटे सुटे करून बोलत होती. शेवटच्या दिवशी त्याचं इंग्रजी सुटलं होतं. तो आपल्या भाषेत एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता, विनवत होता. नर्सना कळेना, तिला कळेना. ती तिथेच, त्याच्या पायाशी बसली होती. तेव्हापासून ते शब्द तिने तोंडात धरून ठेवले होते.

"व्हॉट इज," ती म्हणाली, "पाय दाब?"

उच्चार वाकडातिकडा होता, पण ओळखू येत होता. पाय दाब. तापात कुठलंही लेकरू आईला म्हणतं ते. हाताच्या अंतरावर त्याचे पाय होते, आणि त्या बिचारीला कळलं नव्हतं.

मावशींनी डोळे मिटले. दोन्ही हात टेबलावर होते, त्यांच्या मुठी वळल्या. मला वाटलं, आता हंबरडा फुटणार. त्यांनी तो गिळला. मग हळूहळू, एकेक शब्द चाचपत, न शिकवलेलं इंग्रजी त्यांच्या तोंडून आलं.

"ही सेड, यू आर टायर्ड. गो. स्लीप."

सून ओक्साबोक्शी रडली. तेव्हाही त्याला माझीच काळजी होती, असं काहीसं म्हणत राहिली. पुन्हा फोन करीन म्हणाली आणि 'मदर' म्हणून तिने निरोप घेतला.

मी फोन बंद केला. मावशी माझ्याकडे बघत होत्या, परीक्षा देऊन आलेल्या पोरीसारख्या.

"खोटं बोलले, बाई," त्या म्हणाल्या. "पण वाक्य बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं," मी कसंबसं म्हटलं.

"मग झालं. तिला तरी झोप लागेल."