कमावत्याचं दूध

आक्का, आणि मागं राहिलेली तुम्ही सगळी भावंडं,

नोकरीसाठी बंगळुरूला निघालो तेव्हा तळेगाव स्टेशनावर मला सोडायला एकटे आबाच आले होते. आई सोमाटणे फाट्यावरूनच मागं फिरली, कारण प्लॅटफॉर्म तिकीट एकाचंच काढायचं होतं. गाडी हलताना आबा म्हणाले, "इलास, तितं उधळू नको. मागं सात तोंडं हायेत."

तुम्हाला आठवतंच. साबणाची वडी दोऱ्यानं कापून अर्धी फळीवर ठेवायची. तांदळाचं धुवण भाजीत जायचं. थोरल्याचा सदरा धाकट्यापर्यंत उतरत शेवटी चुलीजवळचं फडकं व्हायचा. त्याचा मला राग नाही. कारखान्यातल्या एका पगारात आठ माणसं अशीच निभतात. राग आहे तो दुधाचा.

चहापुरतं काढून उरलेलं दूध आबांच्या वाटीत जायचं. "कमावत्याच्या अंगात ताकद पायजे. त्यो पडला तर समदं घर पडंल." आई भाकरी कालवणात बुडवायची, कालवण संपलं की पाण्यात. डॉक्टरनं तपासलं तेव्हा म्हणाला, बाईच्या अंगात रक्तच नाही. त्यानंतर ती फार टिकली नाही.

आजवर बोललो नाही ते आता लिहितो. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा आईनं आबांच्या वाटणीतलंच अर्धं दूध माझ्यापुढं सरकवलं. ती बघत होती. मी प्यायलो.

गुडघे गेले म्हणून आबांना मी बंगळुरूला आणलं तेव्हा तुम्ही माझं केवढं कौतुक केलंत. ते परत घ्या. मी त्यांना सूड उगवायला आणलं होतं. फ्रिजमध्ये दुधाची पाकिटं भरलेली असायची, तरी जेवताना मी एकच वाटी भरायचो, वर साय घालून, माझ्यापुढं. आबांना भाजी, भाकरी, भात. सुनीता चिडायची, "अहो, बाप आहे तो तुमचा!" मी म्हणायचो, "नियम त्यांचाच आहे."

मला एवढंच हवं होतं की आबांनी एकदा मागावं. 'इलास, वाईच दूध दे रं.' मग मी आईचं नाव काढणार होतो. वाक्य तयार होतं: 'आई समोर पाण्यात भाकरी बुडवत होती, तेव्हा तुमच्या घशाखाली दूध उतरलं कसं?'

आबांनी मागितलं नाही. उलट माझी वाटी रिकामी दिसली की सुनीताला सांगायचे, "सूनबाई, त्येला अजून घाल. कामावरनं दमून आलाय." तेव्हा मला ती वाटी भिंतीवर फेकावीशी वाटायची.

यंदा कंपनीनं आमची टीमच बंद केली. सुनीतानं जवळच्या प्ले-स्कूलमध्ये काम धरलं. आबांना मी 'वर्क फ्रॉम होम' सांगितलं होतं. एका दुपारी तिनं त्यांना खरं काय ते सांगून टाकलं.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी वाटी भरली. आबांनी हात पुढं करून वाटी उचलली. मला वाटलं, आलं! वाक्य अगदी ओठांवर आलं. आबांनी वाटी सुनीताच्या ताटापाशी ठेवली.

"पी, सूनबाई. आता तू पडलीस तर घर पडंल."

"आबा, फ्रिज भरलाय दुधानं!"

"आसंल. फ्रिजला काय कळतंय, कोण कमावतंय?"

आणि त्यांनी कोरडी भाकरी मोडली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी उठून दुसरं पाकीट फोडू शकलो असतो. सुनीताही वाटी माझ्याकडं सरकवत होती. मी मान हलवली आणि घास पाण्याबरोबर उतरवला. आई का मागत नव्हती, हे मी जन्मभर आबांच्या दहशतीवर ढकललं होतं. माझ्यावर कुणाची दहशत होती?

आबांना मी माफ केलेलं नाही. ते वाक्य अजून तयार आहे, फक्त ते आता एकट्या आबांना लागू पडत नाही.

तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येतोस? परंदवडीच्या आपल्या दारापुढं आता गोडाऊन उभं आहे, आणि हा फ्लॅट अजून बँकेचा. हक्कानं मागता येतं ते घर, असं लोक म्हणतात. माझं उलटं आहे. जिथं भूक लागली तरी तोंड उघडत नाही, तिथं मला कळतं, मी घरीच आहे.