सारवलेली भिंत

कडूबाईंच्या कमरेला वाचनालयाच्या किल्ल्यांचा जुडगा असायचा. शहरातल्या गारखेडा भागातलं ते वाचनालय त्या अकरा वर्षं उघडत आणि बंद करत होत्या. वेरूळजवळचं गाव सोडून मुलाला, धम्मपालला, घेऊन शहरात आल्या तेव्हा त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. दुसऱ्याच्या दारात पुन्हा शेणात हात घालायचा नाही. त्यांच्या आईनं जन्मभर पाटलांचं अंगण सारवलं, पण उंबऱ्याच्या आत तिला कधी कुणी बोलावलं नाही.

यंदा दिवाळीनंतर रत्नमाला वाचनालयात राहायला आल्या. त्या डहाणूकडच्या वारली चित्रकार. महिनाभर इथं राहायचं आणि वस्तीतल्या लोकांना सोबत घेऊन मागच्या भिंतीवर चित्र काढायचं, असं ठरलं होतं. चित्राआधी भिंत शेणमातीनं सारवायला हवी होती.

ग्रंथपाल हिमांशूसरांनी डेअरीतून दोन बादल्या शेण आणवलं. रत्नमालांनी भिंत सारवली. दुपारी ते सारवण तडकलं आणि संध्याकाळी पापुद्रे सुटावेत तसं गळून पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"आमच्याकडं कुडाच्या भिंती," रत्नमाला हताश होऊन म्हणाल्या. "कारवीच्या काड्यांना माती आपसूक धरते. हे सिमेंट काही ऐकत नाही."

"उद्या प्लायवूड आणू," हिमांशूसर म्हणाले. "त्याच्यावर रंग मारू."

कडूबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. काय चुकतंय ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण बोललं तर शेण आपल्याच हातात येणार, हेही कळत होतं.

रत्नमालांनी त्यांच्याकडं पाहिलं. "मावशी, दोन दिवस झाले, तुम्ही भिंतीकडं बघून नुसत्या मान हलवताय."

कडूबाई भिंतीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "डेअरीचं शेण लई पातळ. त्यात पांढरी माती नाय, भुसा नाय. आन् भिंत खरवडल्याबिगर कसं धरंल?"

"मग तुम्हीच करा ना मावशी!" हिमांशूसरांचा चेहरा उजळला.

"नाय सर." कडूबाईंनी झाडू कोपऱ्यात ठेवला. "मी सांगन. सारवायचं तुमी समद्यांनी. तुमी बी."

"मी?"

"व्हय. हात काय निराळे हायेत का तुमचे?"

रत्नमाला खळखळून हसल्या.

रविवारी खरवडलेल्या भिंतीपुढं पंधरावीस माणसं जमली. पेपर वाचायला येणाऱ्या शैलाकाकू नाकाला पदर लावून आल्या आणि अर्ध्या तासात कोपरापर्यंत माखल्या. हिमांशूसर हात वरून खाली ओढत होते.

"सर, ती भिंत हाय, म्हैस नाय," कडूबाई म्हणाल्या. "अर्धा चांद काढा, असा!"

धम्मपाल औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आईला न्यायला आला आणि फाटकातच थबकला. त्याचा चेहरा उतरला. "आई, ह्यासाठी गाव सोडलं व्हय आपण?"

"माझे हात बघ."

त्यानं पाहिलं. हात कोरडे होते. एका हातात किल्ल्या होत्या, दुसऱ्या हातानं आई सरांना जागा दाखवत होती.

"मी शिकवायलेय," ती म्हणाली.

दिवस कलला तसे लोक हातपाय धुऊन निघाले. भिंतीवर कुणाचे पंजे, कुणाचे वाकडे फराटे. मधोमध हातभर जागा कोरी राहिली होती. रत्नमाला पुढं आल्या नाहीत. बादली तिथंच ठेवून त्या पायरीवर बसल्या.

कडूबाईंनी त्या जागेकडं पाहिलं. मग कमरेचा जुडगा सोडून धम्मपालच्या हातात दिला, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि बादलीत हात घातला. हाताला काही सांगावं लागलं नाही. आईच्या हातासारखाच तो सरसर फिरला, एकात एक गुंतलेले अर्धे चांद उमटत गेले.

"हे वाळल्यावर गेरूनं झाकायचं का?" हिमांशूसरांनी विचारलं.

"बाकीचं झाका," रत्नमाला म्हणाल्या. "एवढं तसंच राहू द्या. नाचणारी माणसं मी ह्याच्याभोवती काढीन."

धम्मपालनं किल्ल्या खिशात घातल्या आणि आईच्या हातावर ओतायला नळाचं पाणी भरून आणलं.

"थांब जरा," कडूबाई म्हणाल्या. "कडेला थोडं राहिलंय."