गुराख्यांचा संप

दुपारी जेवण झालं की मी जरा आडवी होते, पण झोपत नाही, असं गेली दहा वर्षं मी सगळ्यांना ठणकावून सांगत आले आहे. चैत्रातलं सोलापूर. खिडकीत कूलर घरघरतोय, छातीवर जाडजूड पुस्तक पालथं पडलंय, आणि बाहेर ओट्यावर शेजारची नरसाबाई विड्या वळत बसलीय. तिच्या कात्रीचा आवाज येतोय. पान कापलं, पान कापलं. मग तो आवाज जरा लांब जातो आणि कूलरमध्ये कोणीतरी पाणी ओततंय.

"कोण आहे?" मी विचारते.

"मी आहे की ओ ताई. कोरडाच फिरायलाय तुमचा कूलर."

राजेशम आहे. बनियन, खाकी हाफपँट, खांद्यावर पंचा, हातात युनियन ऑफिसातली पितळी घागर. राजेशम चिप्पाला जाऊन तेहतीस वर्षं झाली हे मला झोपेतही पक्कं ठाऊक आहे. तरी मनात पहिलं येतं ते हेच, की बरं झालं हा आला, एक विषय बाकी होता. सगळा जन्म लाल बावट्याच्या विडी युनियनची सेक्रेटरी म्हणून काढला मी. मेलेला माणूस समोर उभा राहिला तरी मला अजेंडाच सुचतो.

"राजेशम, बस. तुला एक सांगायचंय."

"चालता चालता सांगा की. खेळ सुरू होईल."

आणि आम्ही टॉकीजच्या दारात आहोत. रविवारचा सकाळी अकराचा इंग्रजी सिनेमा. माझ्या पायात चप्पल नाही, फरशी गार आहे. दारावर तिकीट घ्यायला कारखान्यातला चेकर उभा आहे, बायांनी वळलेल्या विड्या तपासून वाईट असतील त्या बाजूला फेकणारा. माझं तिकीट तो दोन बोटांत दाबून बघतो आणि "छाट" म्हणून टोपलीत टाकतो.

"ताई माझ्यासंगं हायत," राजेशम म्हणतो. तेव्हा कुठे चेकर वाट सोडतो.

तुम्हाला आधी या टॉकीजचं सांगायला हवं. राजेशम मूळचा गिरणीतला. छातीचा आजार जडला म्हणून युनियननं त्याला ऑफिसात शिपाई ठेवला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायची. समतेवर भाषण देऊन खाली उतरायचं आणि "राजेशम, चहा आण रे" म्हणायचं, यात मला तेव्हा काहीच वावगं वाटत नव्हतं. दर रविवारी हा पठ्ठ्या पुढच्या बाकड्यावर बसून अमेरिकन सिनेमा बघायचा. इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. सोमवारी ऑफिसच्या अंगणात बाया विड्या वळत बसल्या की तो सिनेमा त्यांना सांगायचा.

पण काय सांगायचा. त्याच्या सिनेमात बंदुका कमी उडायच्या आणि मीटिंगा फार व्हायच्या. घोड्यावरचे ते टोपीवाले म्हणजे सावकाराच्या गुरांमागे राबणारे गुराखी, त्यांना रजा नाही की औषधपाणी नाही. रेल्वे कंपनीनं ज्यांच्या जमिनी गिळल्या ती माणसं डोंगरावरून खाली बघतायत. एका ओळीत पाय उडवून नाचणाऱ्या गोऱ्या पोरी दिसल्या, तर त्यांना ओव्हरटाइम मिळत नाही म्हणून त्या पाय आपटतायत. आणि दर सोमवारी शेवटी संप व्हायचा, आणि दर सोमवारी संप जिंकायचा. आमच्या बायांच्या लेखी अमेरिका म्हणजे संपवाल्यांचा देश होता.

एकोणऐंशी साली मुंबईहून एक पुढारी अभ्यासवर्ग घ्यायला आले. अमेरिकन साम्राज्यवाद या विषयावर दीड तास बोलले. काही शंका आहे का, म्हणून विचारलं, तर नरसाबाई उठली. तेव्हा वीस वर्षांची होती. म्हणाली, "आमच्या संपाला तिकडच्या गुराख्यांच्या युनियननं पाठिंबा द्यावा म्हणून कागद पाठवता येईल का?" पुढारी पोट धरून हसले. माझी मान शरमेनं खाली गेली. आणि मी उठून साठ बायांसमोर म्हणाले, "राजेशमला इंग्रजी येत नाही. तो थापा मारतो. त्या सिनेमांत असलं काहीही नसतं."

राजेशम मागे घागरीशी उभा होता. त्यानं मान डोलावली आणि पाणी भरायला गेला. पुढे बारा-तेरा वर्षं जगला, पण सिनेमा पुन्हा कधी सांगितला नाही. बायांनी किती मागे लागून बघितलं. "ताईंना विचारा," म्हणायचा.

आत टॉकीजमध्ये त्या साठही जणी आहेत. मांडीवर विडीची सुपं, सुपांत कापलेली पानं, आणि पडद्याचा उजेड सगळ्यांच्या हातांवर पडलाय. पडद्यावर एक माणूस घोडा हाकत येतोय आणि इंग्रजीत काहीतरी बोलतोय. साठ माना राजेशमकडे वळतात. तो खाली बघत पंच्याला गाठ मारतो, सोडतो.

"सांग ना," मी म्हणते.

"तुम्हालाच येतं की इंग्रजी."

मी कान देऊन ऐकते. घोडेवाल्याचं मला एक अक्षर कळत नाही. एम. ए. झालेली बाई मी.

"राजेशम, मला ते सांगायचंय—" मी सुरू करते, आणि आमच्या पायांखाली गवत आहे. गुडघ्याएवढं, पिवळं. दूरवर हजारो गुरं आहेत आणि त्यांच्या पलीकडे आपल्या जुन्या गिरणीची चिमणी. राजेशम घागर कलती करून एका घोड्याला पाणी पाजतोय. अजिबात खोकत नाहीये तो.

"बोला आता," तो म्हणतो. "इथं कोण नाही."

"तुमचं खरं होतं, राजेशम." तोंडातून "तुमचं" कसं निघालं कोण जाणे. "गेल्या दिवाळीत एक पुस्तक वाचलं मी. अमेरिकेतल्या कामगारांचा इतिहास. अठराशे त्र्याऐंशी साली टेक्सासमधल्या गुराख्यांनी संप केला होता. घोड्यावरच्या, टोपीवाल्या, तुमच्या त्याच गुराख्यांनी. खरोखर. पगारासाठी."

तो घोड्याच्या मानेवरचा हात काढून घेतो.

"आयला," हळूच म्हणतो. "मी तर थाप मारली होती ओ."

"थाप नव्हती."

"थापच होती ताई. मला काय ठाऊक? म्हटलं, मे दिन शिकागोतनं आला म्हणता तुम्ही, मग तिकडचे गुराखी काय गप बसणारेत?" आणि तो हसतो. पुढचा तुटका दात दिसतो. हा दात मी विसरून गेले होते, आणि तो दिसल्यावर मला फार बरं वाटतं.

आता खरी गोष्ट. ती मी कधी कोणाला सांगितली नाही.

"मी त्यातला एकही सिनेमा बघितला नव्हता," मी म्हणते. "त्या दिवशी नुसतीच बोलले मी. न बघता. ते पुढारी हसले म्हणून."

"ठाऊक होतं की. दर रविवारी मी दारात असायचो. तुम्ही कधी आलाच नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही सेक्रेटरी," तो म्हणतो. त्यात टोमणा नाही. म्हणूनच ते फार लागतं. मला रडू येतं आणि मी रडून घेते. चळवळीत बायकांनी रडायचं नाही असं माझंच मत होतं.

तो मला रडू देतो. घोडा गवत खातो. मग तो विचारतो, "ते सोडा. जिंकले ना ते?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं.

"हरले," मी म्हणते. "मालकांनी दुसरे गुराखी भरले. अडीच महिन्यांत संप मोडला."

राजेशम गवतात मांडी घालून बसतो.

"नरसाला सांगितलंत?"

"नाही."

"दिवाळीपास्नं? तुमच्याच ओट्यावर असते की ती."

"कसं सांगू? या बायांच्या मनात ते गुराखी जिंकलेले आहेत. आपली गिरणी गेली, आपले दोन संप गेले. तेवढं एक तरी राहू दे म्हटलं."

"मी पण त्याच भीतीनं जिंकवायचो बगा," तो म्हणतो. "एकदा पडद्यावर सगळेच्या सगळे मेले. नुसती टोपी राहिली धुळीत. मी बाहेर येऊन सांगितलं, पगारवाढ मिळाली." मग म्हणतो, "आपण दोघांनी त्या बायांना लई नाजूक धरलं, ताई. चला, त्या बसल्यात."

अंगण आहे. ऑफिसचं अंगण, कडुनिंबाची सावली, लाल झेंडा उन्हानं विटून गुलाबी झालेला. बाया ओळीनं बसल्यात. राजेशम सगळ्यांच्या मागे जाऊन भिंतीला टेकतो. ऐकणाऱ्यांत बसलेला मी त्याला पहिल्यांदाच बघतेय.

"मला सांगता येत नाही," मी म्हणते. "मी फक्त ठराव वाचते."

"हात चालू ठेवा," तो मागून सांगतो. "हात चालला की तोंड चालतं."

कोणीतरी माझ्या मांडीवर सूप ठेवतं. चाळीस वर्षं विडी कामगारांची सेक्रेटरी होते मी, आणि जन्मात एकही विडी वळली नव्हती. ये गं, बस आमच्यात, म्हणून बाया बोलवायच्या. मला वेळ नसायचा. मी पान घेते, तंबाखू पसरते, निम्मी सांडते. गुंडाळते. टोक दुमडत नाही. आणि दुमडता दुमडता बोलू लागते, की टेक्सासात गवत फार. इतकं की मालकांना आपली गुरं किती तेही ठाऊक नाही. ती राखायची कोणी? गुराख्यांनी. रात्रंदिवस घोड्यावर, पाठीचं कातडं सोलवटलेलं. मग एके दिवशी काही जण जमले आणि एक कागद लिहिला. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी काय केलं असेल? "अंगठा," बाया म्हणतात. हो, अंगठा. मी सांगत जाते, दोरा गुंडाळत जाते. मालकांनी बाहेरची माणसं आणली. आणि इथं मी दोऱ्याला उगाच आणखी एक वेढा देते.

"पुढं?" कोणीतरी विचारतं.

मी भिंतीकडे बघते. भिंतीशी नुसती घागर आहे.

"पुढं?"

कूलर कोरडा फिरतोय. उन्हं खिडकीतून खाली उतरलीत, पुस्तक जमिनीवर पडलंय. माझा घसा बसलाय. दारात उंबऱ्यावर नरसाबाई बसलीय, मांडीवर सूप आणि हात थांबलेला. विडी वळताना या बाईचा हात थांबलेला मी सेहेचाळीस वर्षांत बघितला नव्हता.

"तासभर बोलायलाव तुम्ही," ती म्हणते. "मी ओट्यावरनं इथं येऊन बसले."

मी उठून बसते तर पदरातून काहीतरी घरंगळतं. विडी आहे. वाकडी, मधे फुगलेली, दोरा चार वेळा गुंडाळलेला, एक टोक उघडंच. नरसाबाई ती उचलून उजेडात धरते.

"ही माझी नाही," ती म्हणते. "कुणी वळली ओ ही?"

मी माझी बोटं बघते. नखांत तंबाखू आहे. उत्तर द्यायचं सोडून मी दुसरंच बोलते, कारण आता नाही बोलले तर पुन्हा होणार नाही.

"नरसाबाई, राजेशमचं खरं होतं. गुराख्यांनी खरंच संप केला होता. त्या दिवशी अभ्यासवर्गात मीच खोटं बोलले. मी सिनेमा बघितलाच नव्हता."

नरसाबाई ती वाकडी विडी जपून पुस्तकावर ठेवते.

"मग जिंकले का ते?"

"नाही," मी म्हणते. "हरले."

नरसाबाई मान हलवते, सुपातलं पान उचलते, कात्री लावते.

"मग पुन्हा संपाला कधी बसले?" ती विचारते.